एडिटरमधली मदत-स्क्रीन आणि तिचे शॉर्टकट: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आमच्या टर्मिनल एडिटरची, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत मुख्यतः कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरची, मदत-स्क्रीन आजपासून हाती घेतली. सध्या ती कंट्रोल-के आणि मग एच दाबलं की उघडते. ही वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमच्या घराण्यातली पद्धत. 'जो' नावाच्या एडिटरमध्ये आजही हीच जोडी चालते आणि तो एडिटर उघडल्याबरोबर ती पडद्यावर सांगतोही. आमच्याकडे ते सांगणं नाही. ज्यांच्या बोटांत ही जोडी बसली आहे त्यांचं काही अडत नाही, पण पहिल्यांदा एडिटर उघडणारा माणूस तिच्यापर्यंत पोचणार कसा?

बाकी कुठलाही शॉर्टकट विसरला तर मदतीत बघता येतो. मदतीचाच शॉर्टकट माहीत नसेल तर बघायचं कुठे? कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावावं तसा हा प्रकार. म्हणून या एका शॉर्टकटला बाकीच्यांचे नियम लावायचे नाहीत असं ठरवलं. सेव्ह किंवा शोध यांचे शॉर्टकट थोडे अवघड असले तरी चालून जातं, माणूस एकदा शिकतो आणि सुटतो. मदतीचा शॉर्टकट न शिकता सापडायला हवा.

बाहेर यायचं कसं, हा प्रश्नही तितकाच मोठा. मदत उघडून आत अडकलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही, हे इतरांच्या खांद्यावरून बघत बसताना अनेकदा दिसलं आहे.

५ फेब्रुवारी

इतर प्रोग्रॅमनी काय केलं आहे ते एका जागी लिहून काढलं.

एफ१ म्हणजे मदत असं आपण गृहीत धरतो, त्यात आयबीएमचा वाटा मोठा. १९८७ मध्ये त्यांनी 'कॉमन यूजर अ‍ॅक्सेस' ही नियमावली काढली, तिच्यात मदतीसाठी एफ१ नेमलेलं होतं. विंडोजमध्येही तेच रुळलं. पण त्याच काळातल्या डॉसवरच्या वर्डपरफेक्टमध्ये मदत एफ३ वर होती आणि एफ१ दाबलं की चालू काम रद्द व्हायचं. कुठलं बटण कशाला ते लक्षात राहावं म्हणून फंक्शन बटणांजवळ ठेवायची छापील पट्टी सोबत मिळायची. डेक या संगणक कंपनीच्या एलके२०१ कीबोर्डवर तर 'हेल्प' असं छापलेलं स्वतंत्र बटणच होतं, अ‍ॅपलच्या एक्स्टेंडेड कीबोर्डवरही होतं. छापलेल्या बटणाइतका सोपा उपाय दुसरा नाही. आमच्या हातात मात्र कीबोर्ड नाही.

एडिटरांमध्ये इमॅक्सची मदत कंट्रोल-एचवर आहे, आणि पुढचं अक्षर कुठल्या प्रकारची मदत हवी ते ठरवतं: के दाबून एखादं बटण दाबलं की त्या बटणाचं काम कळतं, टी दाबलं की शिकवणी उघडते. विममध्ये एफ१ किंवा हेल्प ही आज्ञा, आणि रिकामा विम उघडला की पडद्याच्या मधोमध ते लिहिलेलं असतं. नॅनो आणि मायक्रो या दोघांत कंट्रोल-जी. नॅनोनं ही सवय पिको या एडिटरकडून घेतली आणि तळाच्या दोन ओळी शॉर्टकटांना कायमच्या देऊन टाकल्या. व्हीएस कोडमध्ये एफ१ दाबलं की मदत उघडतच नाही, आज्ञांची यादी उघडते.

एडिटर नसलेल्या प्रोग्रॅमना हा प्रश्न फारसा पडत नाही. मजकूर वाचायच्या लेसमध्ये एच, ई-मेलच्या मटमध्ये प्रश्नचिन्ह, अनेक वेब-मेलांमध्येही प्रश्नचिन्ह. प्रश्न पडला की प्रश्नचिन्ह दाबायचं, यापेक्षा सहज काय असणार! पण आमच्याकडे ते चालत नाही. एडिटरमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की मजकुरात प्रश्नचिन्ह उमटायलाच हवं. जी बटणं सगळ्यांत आधी सुचतात ती सगळी लिहिण्यासाठी आधीच दिलेली आहेत, आणि मदतीसाठी उरतात ती कंट्रोल, ऑल्ट आणि फंक्शन बटणं. म्हणजे ज्यांच्याबद्दल टर्मिनल सगळ्यांत जास्त खोडी काढतं तीच.

८ फेब्रुवारी

आज उमेदवार शॉर्टकट एकेक करून बाइटच्या पातळीवर तपासले, म्हणजे बटण दाबल्यावर टर्मिनल एडिटरला नेमके कुठले आकडे पाठवतं ते बघितलं. हे काम आधीच करायला हवं असतं, कारण कागदावर छान दिसणारे निम्मे शॉर्टकट टर्मिनलमधून एडिटरपर्यंत पोचतच नाहीत.

टर्मिनल एडिटरला 'कंट्रोल दाबलं' असं कळवत नाही. कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या आस्की या ठरलेल्या तक्त्यातल्या क्रमांकाचे फक्त खालचे पाच बिट पुढे जातात. त्यामुळे कंट्रोल-एच म्हणजे ८, आणि ८ म्हणजे बॅकस्पेस. कंट्रोल-आय म्हणजे ९, म्हणजे टॅब. कंट्रोल-एम म्हणजे १३, म्हणजे एंटर. कंट्रोल आणि चौकोनी कंस म्हणजे २७, म्हणजे एस्केप. हे जोड वेगळे करता येत नाहीत, कारण तारेवरून जाणारा बाइट एकच असतो.

कंट्रोल-एच मनाला पटकन पटतो, इंग्रजीतल्या मदतीच्या शब्दाचं पहिलं अक्षर म्हणून. पण ज्या टर्मिनलमध्ये बॅकस्पेस ८ पाठवतं तिथे एक अक्षर खोडायला जावं आणि मदत उघडावी, असं होतं. इमॅक्स वापरणाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं भोगलं आहे. मग कंट्रोल-प्रश्नचिन्ह? लिनक्सवरच्या जीनोम या डेस्कटॉपच्या प्रोग्रॅममध्ये शॉर्टकटांची खिडकी त्याच्यावर उघडते, आणि ग्राफिकल प्रोग्रॅममध्ये ते उत्तमही आहे. टर्मिनलमध्ये मात्र त्याचा परंपरेनं ठरलेला क्रमांक १२७, म्हणजे डिलीट. कागदी पट्टीवर भोकं पाडून अक्षरं लिहायच्या काळात सातही भोकं पाडली की खालचं अक्षर वाचता येत नसे, म्हणून साती बिट लागलेला १२७ हा खोडण्याचा संकेत झाला. आजच्या बहुतेक टर्मिनलांत बॅकस्पेस हेच १२७ पाठवतं. म्हणजे मदतीसाठी सर्वांत स्वाभाविक वाटणारे दोन्ही शॉर्टकट, कंट्रोल-एच आणि कंट्रोल-प्रश्नचिन्ह, बॅकस्पेसनेच अडवून ठेवले आहेत. दोन्ही बाद.

कंट्रोल आणि तिरकी रेघ अनेक टर्मिनलांत ३१ पाठवते, तिथे इमॅक्सवाल्यांची 'मागे घ्या' ही आज्ञा बसलेली आहे. शिवाय जर्मन कीबोर्डवर तिरकी रेघच शिफ्ट-७ वर आहे. बाद.

एफ१ पाठवतं तीन बाइट: एस्केप, मग ओ, मग पी. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर वेगळेच चार बाइट. हे ओळखता येतं. अडचण निराळी आहे: जीनोमचं टर्मिनल एफ१ स्वतःच्या मदतीसाठी ठेवून घेतं, ब्राउझरमधल्या टर्मिनलमध्ये ब्राउझर घेऊ शकतो, आणि बऱ्याच लॅपटॉपवर फंक्शन बटणांची रांग आधी आवाज आणि उजेड कमी-जास्त करते. एफ१ सर्वांना माहीत आहे पण सर्वांकडे पोचत नाही. कंट्रोल-जी सर्वांकडे पोचतं पण सर्वांना माहीत नाही.

म्हणून दोन्ही ठेवायचे. एकाच कामाला दोन शॉर्टकट हे मला एरवी पसंत नसतं, कारण दुसरा शॉर्टकट पुढे कधीतरी हवा असतो तेव्हा तो अडकलेला असतो. मदतीसाठी ही किंमत मोजण्यासारखी आहे.

९ फेब्रुवारी

कंट्रोल-जीला ग्रुपमधून आक्षेप आला: ग्राफिकल एडिटरांमध्ये तो 'अमुक ओळीवर जा' यासाठी असतो आणि इमॅक्समध्ये 'रद्द करा' यासाठी. दोन्ही खरं आहे. पण सवयीनं दाबणाऱ्याचं नुकसान काय होतं ते बघितलं पाहिजे. मदत बाजूला उघडेल, कर्सर जागेवर राहील आणि तेच बटण पुन्हा दाबलं की मदत मिटेल. मजकुराला धक्का लागत नाही. ओळीवर जाण्याची आज्ञा मदतीच्या यादीत अगदी वर ठेवली, म्हणजे त्या सवयीनं आलेल्याला समोरच उत्तर दिसेल.

एफ१ एस्केपच्या शेजारी असल्यामुळे विमवाल्यांकडून तो चुकून दाबला जातो, आणि कित्येकजण आपल्या सेटिंगमध्ये एफ१ लाच एस्केप करून टाकतात. आमच्याकडेही तसंच दाबलं जाणार. तेच बटण पुन्हा दाबलं की बंद, हा नियम त्यासाठीही हवा.

१४ फेब्रुवारी

पहिला नमुना तयार होता. स्टेटस ओळीच्या उजव्या टोकाला नॅनोच्या पद्धतीनं टोपीचं चिन्ह, कॅपिटल जी आणि 'मदत' एवढं लिहिलं होतं. आमच्या कामाशी संबंध नसलेल्या एका सहकारी बाईंना एडिटर उघडून दिला. दोन ओळी लिहा, फाइल सेव्ह करा आणि बाहेर या, एवढंच सांगितलं. मी गप्प बसून बघत होतो.

दोन ओळी झाल्या. मग त्यांनी माउस तळाच्या ओळीवर नेऊन 'मदत' या शब्दावर क्लिक केलं. काही झालं नाही. मग त्यांनी ते चिन्ह नीट बघितलं, शिफ्ट धरून ६ दाबलं, आणि मजकुरात ^ उमटलं. त्यानंतर कॅपिटल जी टाइप केला. तोही मजकुरात उमटला.

"हे टोपीसारखं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कंट्रोल."

"मग कंट्रोल असं लिहा ना."

त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि जी असं तिन्ही एकत्र दाबलं, कारण जी कॅपिटल दिसत होता. सुदैवानं त्या टर्मिनलनं तेव्हा शिफ्टकडे दुर्लक्ष केलं आणि मदत उघडली. नॅनो टोपीच्या चिन्हाचा अर्थ व्यवस्थित समजावून सांगतो, पण तो मजकूर मदत उघडल्यावर दिसतो.

बदल त्याच दिवशी केले. टोपीचं चिन्ह गेलं, तिथे 'कंट्रोल' पूर्ण लिहिलं. अक्षर लहान लिपीत केलं. 'मेटा' हा शब्द सगळीकडून काढला. त्या नावाचं बटण आजच्या नेहमीच्या कीबोर्डवर नाही, 'ऑल्ट' आहे. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन बटण मूळ सेटिंगमध्ये चित्रविचित्र अक्षरं उमटवतं, मेटासारखं वागायला त्याला वेगळं सांगावं लागतं. म्हणून मदतीचा कुठलाही रस्ता केवळ ऑल्टवर अवलंबून ठेवला नाही. आणि तो शब्द क्लिक करण्याजोगा केला. माउस न वापरणाऱ्यांचं त्यानं काही बिघडत नाही.

१५ फेब्रुवारी

त्या बैठकीतली दुसरी गोष्ट वेगळी लिहून ठेवतो. बाहेर पडता येईना तेव्हा त्यांनी आधी एस्केप दाबलं, मग पुन्हा एस्केप, मग कंट्रोल-सी. आज आणखी काहींना बसवलं, तेव्हाही बहुतेकांचा क्रम असाच. अडलेला माणूस मदतीचं बटण शोधत बसत नाही, सुटकेचं बटण दाबतो. मग मदतीनं त्या बटणांपाशी जाऊन थांबायला हवं.

विमनं हे फार नेमकं केलं आहे. त्यात कंट्रोल-सी दाबलं की बाहेर पडण्यासाठी काय टाइप करायचं ते तळाशी लिहून येतं. अडलेला माणूस जे बटण दाबणार हे ठाऊक आहे, तिथेच उत्तर ठेवलेलं.

आमच्याकडे आता असं: रद्द करण्यासारखं काही चालू नसताना एस्केप दाबलं, निवडलेला मजकूर नसताना कंट्रोल-सी दाबलं, किंवा काम न नेमलेला कुठलाही शॉर्टकट दाबला, की स्टेटस ओळीत एक वाक्य येतं: 'या शॉर्टकटला इथे काम नाही. मदत: एफ१ किंवा कंट्रोल-जी.' बीप नाही, चौकट नाही, एंटर मागणं नाही. पुढचं अक्षर टाइप केलं की वाक्य जातं.

१९ फेब्रुवारी

एस्केपचा विलंब. हे कंटाळवाणं काम आहे पण टाळता येत नाही. एफ१ ची सुरुवातच एस्केपनं होते, त्यामुळे एस्केप आला की तो एकटा आहे की मागून काही येतंय हे कळायला एडिटरला थोडं थांबावं लागतं. एनकर्सेस या लायब्ररीत हा विलंब मुळात १००० मिलिसेकंदांचा आहे. एक सेकंद! मदत मिटवायला एस्केप दाबावं आणि पडदा सेकंदभर तसाच राहावा, म्हणजे माणूस पुन्हा दाबणारच.

२५ वर आणून बघितला. जवळच्या मशिनवर उत्तम. दूरच्या सर्व्हरवर संथ जोडणीतून मात्र एफ१ चे तीन बाइट तुटक आले, एस्केप वेगळा धरला गेला आणि मजकुरात कॅपिटल ओ आणि पी ही दोन अक्षरं जाऊन बसली. मदत मागणाऱ्याच्या फाइलमध्ये कचरा घालणं हे न उघडणाऱ्या मदतीपेक्षा वाईट. १०० वर ठेवला आणि सेटिंगमध्ये दिला.

किटी टर्मिनलनं आणलेल्या नव्या कीबोर्ड-प्रोटोकॉलमध्ये एस्केप स्वतंत्र संकेतानं येतो आणि हा प्रश्नच उरत नाही. आता तो इतर काही टर्मिनलांनीही उचलला आहे. जिथे तो उपलब्ध आहे तिथे वापरतो. पण तिथे कंट्रोल-शिफ्ट-जी हे कंट्रोल-जीपेक्षा वेगळं कळतं, म्हणजे चौदा तारखेच्या बैठकीत जे आपोआप चाललं ते इथे चाललं नसतं. दोन्ही एकाच आज्ञेला बांधले.

२४ फेब्रुवारी

मदत-स्क्रीनच्या आत काय चालावं, यावर सगळ्यांत जास्त वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

एक मत: लेस आणि मॅन-पेज (टर्मिनलमधली आज्ञांची माहितीपानं) यांच्यासारखं. क्यू दाबलं की बंद, तिरकी रेघ दाबली की शोध. टर्मिनलमध्ये वावरणाऱ्याला हे पाठ असतं. दुसरं मत: आत कुठलंही अक्षर टाइप केलं की लगेच शोध सुरू. दोन्ही एकत्र नांदत नाहीत, कारण क्यू हेही अक्षरच.

मी दुसऱ्या बाजूला होतो आणि माझं कारण लिपीचं आहे. कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असेल तर क्यूच्या जागी ौ ही मात्रा येते आणि तिरक्या रेघेच्या जागी य. रशियन किंवा ग्रीक मांडणीतही तीच गत. मराठी मजकूर लिहिता लिहिता मदत उघडली, आणि मिटवायला आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा लागला, तर मदतीनं कामात खोडाच घातला. विममध्ये यासाठी लँगमॅप नावाची सोय आहे, वापरणाऱ्यानं आपल्या मांडणीचा तक्ता भरून द्यायचा. पण मदत-स्क्रीन मिटवता यावी म्हणून कुणाकडून तक्ता भरून घेणं मला पटत नाही.

शेवटी ठरलं ते असं. टाइप केलं की शोध, कुठल्याही लिपीत. बाहेर पडायला एस्केप, एफ१ किंवा कंट्रोल-जी, यांतलं काहीही. एस्केप आणि एफ१ ला लिपीशी देणंघेणं नाही. कंट्रोल-जीसाठी, नवा प्रोटोकॉल असेल तिथे बटणाची मूळ मांडणीतली जागाही कळते, ती वापरतो. आणि क्यूची सवय असलेल्यांसाठी: शोधात फक्त क्यू किंवा त्या जागेवरचं अक्षर असेल तर यादीत पहिलं उत्तर 'मदत बंद करा' हे येतं, एंटर दाबलं की बंद. एक बटण जास्त लागतं, पण माणूस अडकत नाही.

शोधाला समानार्थी शब्दही जोडले. 'सेव्ह', 'जतन', 'साठवा' यांपैकी काहीही टाइप केलं तरी तीच आज्ञा वर येते. हा तक्ता साधी मजकूर-फाइल आहे, प्रोग्रॅमिंग न येणाराही तिच्यात भर घालू शकतो.

२५ फेब्रुवारी

कालच्या निर्णयातून एक छान गोष्ट आपसूक निघाली. आत अक्षरं टाइप केली की शोध होतो, मग कंट्रोल लावून काही दाबलं तर? मदत उघडी असताना कुठलाही शॉर्टकट दाबला तर तो चालवायचा नाही, त्याची माहिती दाखवायची. कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर 'कर्सरमागचा शब्द खोडतो' असं दिसेल, आणि शब्द शाबूत राहील.

इमॅक्समध्ये हे आहेच. अंध वापरकर्त्यांच्या एनव्हीडीए या स्क्रीन-रीडरमध्येही आहे: एनव्हीडीएचं बटण धरून १ दाबलं की त्यानंतर प्रत्येक बटण आपलं काम फक्त बोलून दाखवतं, करत नाही. घाबरत घाबरत बटणं दाबणाऱ्याला अशी निर्धोक जागा मिळाली की तो स्वतःच शोधायला लागतो. या कामातला मला सगळ्यांत आवडलेला भाग हाच.

मदत मिटवणारी एस्केप, एफ१ आणि कंट्रोल-जी ही तीन, बाण आणि पान पुढे-मागे नेणारी बटणं, एवढेच अपवाद. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यूसाठी टर्मिनलचं प्रवाह-नियंत्रण, म्हणजे या दोन शॉर्टकटांनी पडद्यावरचा मजकूर थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची जुनी सोय, आम्ही आधीच बंद करतो. तसं केलं नसतं तर कंट्रोल-एस दाबताच पडदा गोठला असता आणि मदतही त्यासोबत.

२ मार्च

यादीत एंटर दाबलं की काय? माहिती दाखवून थांबायचं की आज्ञा चालवायची? चालवायची. मदत मिटते, कर्सर जिथे होता तिथेच असतो, आज्ञा होते, आणि स्टेटस ओळीत तिचा शॉर्टकट काही क्षण दिसतो. मजकूर बदलणारी प्रत्येक आज्ञा 'मागे घ्या' करून उलटवता येते, आणि न सेव्ह करता बाहेर पडताना एडिटर विचारतोच. आणखी एक खात्री मागायची गरज नाही.

मदत पडद्याच्या खालच्या भागात उघडते, मजकूर वर दिसत राहतो. पूर्ण पडदा झाकणारी मदत नको यावर माझं मत ठाम आहे. प्रश्न समोरच्या मजकुराबद्दल असतो, तोच नजरेआड गेला की माणसाला प्रश्नही आठवेनासा होतो.

आणि मदत कुठून उघडली यावर पहिली ओळ ठरते. शोधाच्या चौकटीतून उघडली तर शोधाबद्दल, फाइल उघडताना उघडली तर त्याबद्दल. नॅनोमध्ये शोधताना कंट्रोल-जी दाबलं तर शोधाचीच मदत येते, तेच घेतलं.

६ मार्च

मदतीचा मजकूर आता हातानं लिहिलेला राहिला नाही. शॉर्टकट आणि आज्ञा यांचा जो तक्ता एडिटर चालवतो, त्याच तक्त्यातून मदतीच्या ओळी तयार होतात. कुणी सेव्हचा शॉर्टकट बदलला तर मदतीत त्याचाच बदललेला शॉर्टकट दिसतो. इमॅक्समध्ये मदतीच्या मजकुरात आज्ञेचं नाव लिहितात आणि दाखवताना तिथे चालू शॉर्टकट बसतो, कल्पना तिथलीच.

एक संरक्षण घातलं: सेटिंगमधून मदतीचे दोन्ही शॉर्टकट दुसऱ्या कामाला लावले तर एडिटर सुरू होताना सांगतो, आणि स्टेटस ओळीतला 'मदत' हा क्लिक होणारा शब्द राहतोच. अडवत नाही. माणसाचा एडिटर आहे, त्याला हवं ते त्यानं करावं.

१० मार्च

स्टेटस ओळीतल्या जागेवरून चर्चा. अनुभवी मंडळींना नॅनोसारख्या दोन ओळी नकोत, आणि २४ ओळींच्या टर्मिनलमध्ये त्यांचं म्हणणं रास्त आहे. सूचना आहे त्याच ओळीत राहील. खिडकी अरुंद झाली तर आधी फाइलचा रस्ता आखडेल, मग कर्सरची ओळ आणि स्तंभ, सगळ्यांत शेवटी मदतीची सूचना. ती पूर्ण लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे. जो सेटिंगपर्यंत पोचला त्याला सूचनेची गरज नाही.

दोन टप्प्यांच्या शॉर्टकटांना थांबल्यावरची यादी दिली. कंट्रोल-के दाबून माणूस घुटमळला की पुढे कुठली अक्षरं चालतात ते खाली उलगडतं. वर्डस्टारनं हे पर्सनल कॉम्प्युटरच्या अगदी सुरुवातीच्या काळात केलं होतं: पटपट दाबणाऱ्याला मेन्यू दिसायचा नाही, थांबणाऱ्याला दिसायचा. इमॅक्समध्ये हेच काम करणारं व्हिच-की आता ३० व्या आवृत्तीपासून मूळ संचातच मिळतं, आणि त्याचा विलंब एक सेकंद आहे. आम्ही अर्धा सेकंद ठेवला. सरावलेला हात त्याच्या आत पुढचं अक्षर दाबतो, त्याला यादी दिसतही नाही.

१३ मार्च

स्क्रीन-रीडरसोबत तपासणी. टर्मिनलमध्ये स्क्रीन-रीडर प्रामुख्यानं कर्सरच्या मागे जातो. आम्ही मदत उघडताना कर्सर लपवत होतो, त्यामुळे मदत उघडली हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. आता खरा कर्सर मदतीच्या पहिल्या ओळीवर जातो, आणि त्या ओळीतच 'मदत, मिटवायला एस्केप' असं आहे. ते ऐकून मग यादी. मिटवलं की कर्सर मजकुरात जुन्या जागी. चौकटीच्या रेघाही काढल्या, त्या एकेक करून वाचल्या जात होत्या.

१७ मार्च

या कामाची शाखा, म्हणजे कोडची वेगळी ठेवलेली प्रत, मुख्य कोडमध्ये मिसळली. कंट्रोल-के आणि एच ही जुनी जोडी तशीच चालू आहे, तिच्यावर जगणाऱ्यांचं काही काढून घेतलेलं नाही. यादीत ती तिसऱ्या क्रमांकावर दिसते.

राहिलेली कामं: फ्रेंच आणि जर्मन मांडणीवर 'शॉर्टकट दाबा, माहिती बघा' हा भाग प्रत्यक्ष कीबोर्डवर तपासायचा आहे, कारण विरामचिन्हांच्या जागा तिथे बऱ्याच वेगळ्या आहेत. टीमक्स आणि स्क्रीन हे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारे प्रोग्रॅम; टीमक्सचं कंट्रोल-बी आणि स्क्रीनचं कंट्रोल-ए आपल्यापर्यंत पोचण्याआधीच अडवलं जातं, त्याची टीप मदतीत कुठे द्यायची ते ठरायचं आहे. माझ्या मते त्या-त्या आज्ञेच्या ओळीतच, आणि फक्त टीमक्स किंवा स्क्रीन चालू असल्याचं दिसलं तर. समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये भर घालायला वापरणाऱ्यांना आवाहन करायचं आहे. ज्या सहकारी बाईंनी टोपीचं चिन्ह विचारलं होतं त्यांनी 'मजकूर हलवा' हा शब्दप्रयोग सुचवला, तो आजच घातला; 'कट' आणि 'पेस्ट' या दोन्ही आज्ञा आता त्यानं सापडतात.